टीव्हीचं चित्र नीट लावताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रेडिओवरून टीव्हीच्या चित्राबद्दल बोलायचं म्हणजे फोनवरून पोहायला शिकवण्यासारखं आहे. पण एका दृष्टीनं ते बरंही आहे. समोर चित्र नाही, त्यामुळे मला प्रत्येक गोष्ट शब्दांत नीट सांगावी लागेल आणि तुम्हाला ती संध्याकाळी आपल्या टीव्हीवर स्वतःच करून पाहावी लागेल. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. सात-आठ शब्दच टिपून घ्यायचे आहेत.

मी टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. लोकांचे फोन येतात, त्यातल्या तक्रारी ठरलेल्या असतात. ‘नवा सेट घेतला, पण दुकानात दिसत होतं तसं दिसत नाही.’ ‘रात्रीचा प्रसंग आला की नुसता काळोख.’ ‘माणसं मेणाची वाटतात.’ ‘क्रिकेटच्या मैदानावरचं गवत प्लॅस्टिकचं दिसतं.’ घरी जाऊन पाहावं, तर पुष्कळदा सेटमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. स्क्रू ड्रायव्हर पिशवीतच राहतो आणि रिमोट घेऊन पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. मग घरातली मंडळी विचारतात, ‘एवढंच होतं? मग हे आम्हालाही जमलं असतं की!’ जमलं असतंच. म्हणून तर आजचं हे भाषण.

आपल्याकडे दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळातले सेट ज्यांनी पाहिले असतील त्यांना आठवत असेल, टीव्हीचं चित्र ‘लावावं’ लागे. चित्र वरून खाली गडगडत जाऊ लागलं की ‘व्हर्टिकल होल्ड’ची खुंटी फिरवायची. चित्र तिरपं होऊन फाटलं की ‘हॉरिझॉन्टल होल्ड’. पडद्यावर मुंग्या आल्या की एकानं गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा आणि खालून दुसऱ्यानं ओरडायचं, ‘आलं, आलं... गेलं!’ त्या सगळ्या खटाटोपामुळे ब्राइटनेस म्हणजे काय आणि कॉन्ट्रास्ट म्हणजे काय, हे घरातल्या एखाद्याला तरी हातानं कळलेलं असे. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंग आले आणि आणखी एक खुंटी वाढली. पुढे रिमोट आले, खुंट्या गेल्या आणि ही सगळी सोय पडद्यावरच्या मेनूत, तीन-चार पायऱ्या आत जाऊन बसली. चित्र आपोआप स्थिर राहू लागलं, म्हणून ते आपोआप चांगलंही असणार, अशी आपली समजूत झाली. गडबड तिथे आहे.

आधी दुकानाचं कोडं सोडवू. दुकानात एका भिंतीवर वीस-पंचवीस सेट ओळीनं लावलेले असतात. वर पांढऱ्या दिव्यांचा झगझगाट असतो. अशा ठिकाणी गिऱ्हाइकाची नजर कुठे जाते? जो सेट सगळ्यांत उजळ, सगळ्यांत भडक आणि थोडा निळसर पांढरा दिसतो, तिथे. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून सेटमध्ये ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ नावाची एक तयार जुळणी असते. नवा सेट पहिल्यांदा चालू करताना पुष्कळदा तो विचारतोही, घर की दुकान? घाईत ‘दुकान’ निवडलं गेलं, की तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दुकानातला झगमगाट येऊन बसतो. लग्नाच्या हॉलमध्ये शोभणारी साडी रोज स्वयंपाक करताना नेसण्यातला प्रकार. दोन तास पाहिलं की डोळे चुरचुरतात आणि दोष मालिकेला दिला जातो.

तेव्हा पहिली पायरी अशी. मेनूत ‘पिक्चर’ या भागात जा आणि ‘पिक्चर मोड’ शोधा. तिथे ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तर ते काढून ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ यांपैकी जे असेल ते निवडा. यातला ‘फिल्ममेकर’ हा प्रकार २०१९ साली टीव्ही कंपन्या आणि चित्रपट व्यवसायातली मंडळी यांनी मिळून जाहीर केला. दिग्दर्शकानं चित्र जसं तयार केलं तसंच ते घरी दिसावं, सेटनं आपलं शहाणपण त्यात मिसळू नये, हा त्यामागचा हेतू.

आता एक इशारा. हा बदल केल्याबरोबर घरातून ओरडा होईल, ‘चित्र पिवळं झालं, मळकं झालं!’ उन्हातून घरात आल्यावर खोली काळोखी वाटते, तसं ते आहे. डोळ्याला निळसर भडकपणाची सवय झालेली असते. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग मुद्दाम एकदा जुन्या जुळणीवर जाऊन पाहा. त्या वेळी चेहरे निळे पडलेले दिसले, की समजायचं, डोळा ठिकाणावर आला.

पुढे जाण्याआधी दोन घरगुती कामं. पहिलं, पडदा पुसणं. आपल्या घरात उदबत्ती असते, धूप असतो, फोडणीचा धूर असतो. त्याचा एक पातळ चिकट थर पडद्यावर बसतो आणि सगळं चित्र धुरकट करतो. टीव्ही बंद करा, पडदा गार होऊ द्या आणि मऊ, कोरड्या कापडानं हलक्या हातानं पुसा. फारच डाग असेल तर कापड किंचित ओलं करा. स्पिरिट किंवा काच पुसायचं द्रावण नको, त्यानं पडद्यावरचा लेप खराब होऊ शकतो. आणि पाणी थेट पडद्यावर कधीही उडवू नका. दुसरं काम, दिवा. पडद्यात समोरची खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसत असेल, तर कुठलीही जुळणी उपयोगाची नाही. सेट थोडा वळवा किंवा खिडकीला पडदा लावा. रात्री पूर्ण अंधार करूनही पाहू नये. सेटच्या मागे किंवा बाजूला एखादा मंद दिवा असला की डोळ्याला आराम मिळतो आणि पडद्यावरचा काळा रंगही अधिक काळा वाटतो.

आता मुख्य जुळणी. यातली तीन नावं लोक सर्रास एकमेकांत मिसळतात: बॅकलाइट, ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट. तिन्हींची कामं वेगळी आहेत.

बॅकलाइट म्हणजे पडद्यामागचा दिवा. एलईडी टीव्हीत चित्राच्या मागे खरोखरच दिव्यांची रांग असते आणि त्यांचा उजेड चित्रातून गाळून आपल्यापर्यंत येतो. हा उजेड खोलीप्रमाणे ठेवायचा, दिवसा जास्त, रात्री कमी. तो कमी केला की विजेचा खर्चही कमी होतो, कारण सेटमधली बरीचशी वीज या दिव्यांवरच जाते.

ब्राइटनेस या शब्दानं मात्र सगळ्यांना फसवलं आहे. त्याचं खरं काम उजेड वाढवणं हे नसून काळा रंग किती काळा असावा, हे ठरवणं आहे. आणि कॉन्ट्रास्टचं काम, पांढरा किती पांढरा असावा हे ठरवणं. एक चित्राचा तळ ठरवतो, दुसरा माथा. काही कंपन्यांच्या नव्या सेटमध्ये बॅकलाइटलाच ब्राइटनेस म्हणतात आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’ हे वेगळं नाव असतं. तुमच्या मेनूत ‘ब्लॅक लेव्हल’ला आकड्यांची पट्टी दिसली, तर मी ब्राइटनेस म्हणेन तिथे ती समजा.

ब्राइटनेस लावण्यासाठी रात्रीचा एखादा प्रसंग शोधा. सिनेमा असेल तर उत्तम, कारण त्यात बऱ्याचदा वर-खाली काळ्या पट्ट्या असतात. प्रसंगात काळा कोट घातलेला वकील, काळे केस, अंधारातलं झाड, असं काहीतरी हवं. चित्र थांबवून ठेवा. ब्राइटनेस वाढवत न्या. एका टप्प्यावर काळ्या पट्ट्या करड्या, धुकट दिसू लागतील. तिथून हळूहळू कमी करत या. पट्ट्या काळ्या झाल्या, पण कोटाची कॉलर आणि केसांच्या बटा अजून वेगळ्या दिसताहेत, तिथे थांबा. आणखी खाली गेलात तर कोट म्हणजे नुसतं एक भोक होईल.

कॉन्ट्रास्टसाठी याच्या उलट. आता पांढरं शोधायचं. कसोटी सामन्यातले खेळाडू, कीर्तनकारबुवांचं धोतर, आकाशातले ढग. कॉन्ट्रास्ट वाढवत गेलात की एका जागी धोतराच्या चुण्या नाहीशा होतात आणि नुसता पांढरा पत्रा उरतो. तिथून मागे या. चुण्या परत दिसू लागल्या की थांबा. हे झाल्यावर ब्राइटनेस पुन्हा एकदा तपासा, कारण ही दोन भावंडं आहेत, एक हललं की दुसरं थोडं सरकतं.

आता रंग. ‘कलर’ची पट्टी आधी पार शून्यावर न्या. चित्र कृष्णधवल होईल. ते तसंच पाच मिनिटं पाहा. कृष्णधवल चित्र जर सुरेख, खोल दिसत असेल, तर तुमची आधीची जुळणी बरोबर आहे. डोळ्याला उजेड-अंधाराचे बारकावे जितके कळतात, तितके रंगाचे कळत नाहीत. टीव्हीचं तंत्रही याच गुणाचा फायदा घेतं. प्रक्षेपणात रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाव्यानं पाठवतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून पाया कृष्णधवल, रंग नंतर. मग रंग हळूहळू वाढवा आणि माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत राहा. गवत, साड्या, जाहिराती यांच्याकडे नाही. गवत कुठल्याही हिरव्यात खपून जातं, पण चेहरा जन्मल्यापासून आपण पाहत आलो आहोत. त्यात जरा कमी-जास्त झालं की कळतं. चेहरा उन्हातून आल्यासारखा लाल दिसू लागला की दोन पावलं मागे या.

‘टिंट’ किंवा ‘ह्यू’ मधोमध असू द्या. ही खुंटी मुळात अमेरिकेची गरज. तिथल्या एनटीएससी पद्धतीत वाटेत रंग बिघडत आणि चेहरा कधी हिरवट, कधी जांभळट होई. त्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिथल्याच तंत्रज्ञांनी ‘नेव्हर द सेम कलर’ असा विनोद केला होता. जर्मनीत वॉल्टर ब्रुख यांनी १९६०च्या दशकात पाल पद्धत आणली. तिच्यात रंगाच्या संकेताची एक बाजू दर ओळीला उलटी करून पाठवतात. त्यामुळे एका ओळीतली चूक पुढच्या ओळीतल्या चुकीशी वजा होते. आपण हीच पद्धत स्वीकारली, म्हणून आपल्या घरात टिंटला फारसं काम कधी पडलं नाही. आजच्या डिजिटल प्रक्षेपणात तर नाहीच नाही.

‘कलर टेंपरेचर’ म्हणजे पांढऱ्याची छटा. हे केल्व्हिनमध्ये मोजतात आणि त्यात एक गंमत आहे. मेणबत्तीचा पिवळा उजेड दोन हजार केल्व्हिनच्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७०० आणि ढगाळ आकाशाचा निळसर उजेड त्याहून कितीतरी वर. म्हणजे आकडा जितका ‘गरम’, रंग तितका आपल्याला ‘थंड’ वाटतो. टीव्हीसाठी जगभर ठरलेला पांढरा सुमारे ६५०० केल्व्हिनचा. बहुतेक सेटमध्ये तो ‘वॉर्म’ या पर्यायाच्या जवळ सापडतो. ‘कूल’ ठेवला की पांढरा सदरा नीळ जास्त पडल्यासारखा दिसतो.

शेवटची खुंटी ‘शार्पनेस’. नाव ऐकून प्रत्येकाला ती वाढवावीशी वाटते. पण सेटजवळ नसलेला बारकावा ती आणणार कुठून? ती फक्त प्रत्येक वस्तूच्या कडेला एक गडद आणि एक पांढरी रेघ ओढते. बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं जवळ जाऊन पाहा. अक्षरांभोवती पांढरी किनार दिसत असेल तर शार्पनेस जास्त आहे. किनार जाईपर्यंत कमी करा. काही सेटमध्ये योग्य जागा शून्यावर असते, काहींत मध्याच्या आसपास. सुरुवातीला चित्र मऊ वाटेल. पण कपड्याचा पोत, वयस्कर नटाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आता खऱ्या दिसतील.

आणि हो, ‘माणसं मेणाची वाटतात’, ‘सिनेमा मालिकेसारखा दिसतो’ या तक्रारीचं कारण रंगात नाही, हालचालीत आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. नवे सेट दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतःच कल्पनेनं तयार करून भरतात, म्हणजे हालचाल लोण्यासारखी सरकते. मेनूत याला ‘मोशन’ किंवा ‘स्मूथ’ असं काहीतरी नाव असतं. डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी एक चित्रफीत काढून प्रेक्षकांना ही सोय बंद करण्याची विनंती केली होती. सिनेमासाठी ती बंदच ठेवा. क्रिकेटसाठी थोडी ठेवली तर बिघडत नाही, चेंडू जरा बरा दिसतो.

रात्रीच्या प्रसंगांबद्दलही सांगतो. एप्रिल २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या एका भागात जवळजवळ सगळी लढाई अंधारात होती आणि जगभरातून ओरड झाली, काही दिसलंच नाही. लोकांना आपला टीव्ही नीट लावता येत नाही, अशा आशयाचं उत्तर छायालेखकानं दिलं. त्यात तथ्य होतं, पण पूर्ण सत्य नव्हतं. इंटरनेटवरून चित्र येताना ते दाबून लहान केलेलं असतं आणि त्यात पहिला बळी जातो तो अंधारातल्या बारकाव्यांचा. शिवाय सेटला कोपऱ्यात एक उजेड ओळखणारा डोळा असतो. खोलीत अंधार झाला की तो चित्र मंद करतो. त्याच्यासमोर शोभेची वस्तू ठेवली किंवा तोरण लोंबलं, तर तो भर दुपारीही रात्र समजतो. मेनूत ‘इको’ किंवा ‘पॉवर सेव्हिंग’ नावानं ही सोय असते. चित्र विनाकारण काळवंडत असेल, तर आधी तिथे पाहा.

आता एवढं करूनही चित्र स्वच्छ दिसत नसेल तर? तर मुळात येतंय काय, ते पाहायचं. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. बरोबर वीस पट. म्हणजे एका खऱ्या ठिपक्यावरून सेटला वीस ठिपके भरायचे असतात. एका वाटी आमटीत पाणी घालून वीस जणांना वाढण्यासारखं आहे ते. त्याला सेटचा इलाज नाही. थोडं लांब बसावं, हे उत्तम. चांगलं एचडी चित्र असेल तर पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट-पावणेदोनपट अंतर पुरतं. ४३ इंची सेटला पावणेसहा-सहा फूट. साध्या वाहिनीसाठी त्याहून मागे सरका.

काही घरांत एचडीचे पैसे भरलेले असतात, पण सेट-टॉप बॉक्स अजून जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरनं जोडलेला असतो. त्या वायरीतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. एचडीएमआय वायर लावा आणि बॉक्सच्या मेनूत ‘रिझोल्यूशन’ १०८० वर आहे ना, ते पाहा. बातम्यांची खालची पट्टी कापली जात असेल तर टीव्हीत चित्राच्या आकाराचा पर्याय असतो, त्यात ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा. जुनी मालिका लागली आणि सगळे नट लठ्ठ दिसू लागले, तर चित्र ताणलं गेलंय. ते मूळ ४:३ मध्ये पाहा. बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या, पैसे वाया जात नाहीत. आणि पावसात चित्राचे चौकोन होऊन ते अडकत असेल, तर मेनूला हात लावू नका. डिजिटल चित्रात मुंग्या येत नाहीत. संकेत कमी पडला की चित्र असं तुटतं. ते काम गच्चीवरच्या छत्रीचं आणि आभाळाचं.

आता मला ज्या गोष्टीसाठी हे भाषण करावंसं वाटलं, तिच्याकडे येतो.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. पंच्याहत्तरी ओलांडलेली. त्यांचा फोन आला, ‘टीव्हीचा रंग उडालाय. मुलगा म्हणतोय, बदलून नवा घेऊ. तू एकदा बघून जा रे.’ गेलो. पाहतो तर रंगाची पट्टी अगदी टोकाला. बातम्या देणारी मुलगी कुंकवात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. बाई म्हणाल्या, ‘बघ, किती फिकट आहे!’ मी रंग पूर्वीच्या जागी आणला, तर त्यांना सगळंच मळकट दिसू लागलं. मी सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ‘बाई, हा गणपती कसा दिसतो?’ त्या म्हणाल्या, ‘हल्ली कॅलेंडरंही मेली मळकीच छापतात.’

मी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन म्हटलं, टीव्ही राहू दे, आधी बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी मला गंमत सांगितली. एक डोळा झाकून भिंत पाहिली की ती पांढरी आणि दुसरा झाकून पाहिली की चहाच्या पाण्याची. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘म्हणजे इतकी वर्षं मी चहातूनच बघत होते.’

मोतीबिंदू वाढताना डोळ्यातलं भिंग हळूहळू गढूळ, पिवळसर होत जातं. ते इतकं सावकाश होतं की माणसाला कळत नाही. त्याला जग मळल्यासारखं वाटतं आणि टीव्ही बिघडल्यासारखा. चित्रकार क्लोद मोने यांच्या बाबतीत हेच झालं होतं. १९२३ साली त्यांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याआधीची त्यांची काही चित्रं लाल-तपकिरी रंगांनी भरलेली आहेत. तेव्हा घरातली वयस्कर व्यक्ती टीव्हीचा रंग आणि उजेड सारखा वाढवत असेल, तर रिमोटवरून वाद घालू नका. दिवसाच्या उजेडात तिला कॅलेंडर दाखवा. एकेक डोळा झाकून पाहायला सांगा. कॅलेंडरही फिकट, रात्री दिव्याभोवती वलय, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा असह्य, असं काही असेल, तर टीव्हीवाल्याला नको, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. नवा सेट पुढल्या महिन्यातही मिळतो.

शस्त्रक्रिया लगेच होण्यासारखी नसेल, तरी एक तोड आहे. बहुतेक सेट प्रत्येक पिक्चर मोडची जुळणी वेगवेगळी लक्षात ठेवतात. एक मोड आजी-आजोबांच्या डोळ्यांप्रमाणे लावा, एक बाकीच्यांसाठी. त्यांच्या वेळेला त्यांचा मोड. घरातला टीव्ही सगळ्यांचा असतो, तर तो सगळ्यांना दिसायलाही हवा.

आणखी एक गोष्ट चेहऱ्यांची. अमेरिकेत पूर्वी रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-छायाचित्र मिळे. त्यात एक गोरी तरुणी असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कांती बरोबर आली की यंत्र बरोबर. मग सावळ्या, काळ्या माणसांचे चेहरे कसे येत, याची फिकीर बरीच वर्षं कुणी केली नाही. १९९०च्या दशकात वेगवेगळ्या वर्णांच्या व्यक्ती असलेली कार्डं आली. आपल्या घरातला ‘व्हिव्हिड’ आणि ‘कूल’ टीव्हीही नकळत असंच काहीतरी करतो. गहू वर्ण फिकट करतो, सावळ्याला निळसर राख फासतो. रोज दोन-तीन तास असे चेहरे पाहणाऱ्या मुलीनं मग आरशात पाहिलं, तर तिला स्वतःचा रंग चुकीचा वाटावा, यात नवल काय? पडद्यावर गोरेपणाचं कौतुक आधीच कमी नाही. निदान आपल्या सेटनं त्यात भर घालू नये. म्हणून रंग जुळवताना एकाच नटीचा चेहरा पाहू नका. बातम्यांत शेतकरी बोलत असेल, मैदानात गोलंदाज असेल, कीर्तनाला बसलेल्या बायका असतील, तिथे पाहा. ती माणसं आपल्या ओळखीची वाटली पाहिजेत. तुमची जुळणी बरोबर झाली की नाही, याचं याहून चांगलं माप माझ्या पिशवीत नाही.

शेवटी टिपून घेतलेल्या शब्दांची उजळणी करू. पिक्चर मोड सिनेमा. बॅकलाइट खोलीप्रमाणे. ब्राइटनेस काळ्या कोटावर. कॉन्ट्रास्ट पांढऱ्या धोतरावर. रंग चेहऱ्यावर. टेंपरेचर वॉर्म. शार्पनेस कमी. मोशन बंद. हे सगळं झालं की आकडे एका कागदावर लिहा आणि तो कागद सेटच्या मागे चिकटवून ठेवा. कारण घरात कुणीतरी रिमोटशी खेळणारच, आणि तेव्हा भांडणाऐवजी कागद कामाला येईल.

काही चुकलं तर ‘रीसेट’ हा पर्याय असतोच, त्यामुळे घाबरू नका. या जुळणीनं सेट बिघडत नाही. नमस्कार.